कलम सात आणि समुद्राची ओटी

माझ्या पत्नीला समुद्राची ओटी भरायची होती. ती भरता आली नाही. त्या संबंधातील दिवस, आणि त्या त्या दिवशी जबाबदार असलेल्या व्यक्ती, पुढीलप्रमाणे आहेत.

भाऊबीजेनंतरचा सोमवार. ठिकाण धुळे. माझी मुलगी, माझे जावई आणि स्वतः माझी पत्नी. या तिघांनी मिळून एक वैद्यकीय अहवाल माझ्यापासून लपवला.

पौषातला दुसरा बुधवार, सकाळी. ठिकाण अरबी समुद्रातल्या एका बेटाचा धक्का. नौकेची मालक कंपनी, नौकेचा कप्तान, आणि अकरा कलमांचे हमीपत्र तयार करणारी एक व्यक्ती, जिचे नाव मला अद्याप कोणीही कळवलेले नाही.

तोच बुधवार, दुपारी. ठिकाण प्रवाळाची रांग. मी.

महाशिवरात्रीनंतरचा चौथा दिवस. ठिकाण पुन्हा धुळे. या दिवसासाठी मी कोणालाही जबाबदार धरत नाही. डॉक्टरांनाही नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण सर्वांना माझ्याकडून तीच भीती होती.

इंग्रजी तारखा आणि वेळा मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राला जोडलेल्या आहेत. इथे दिवस तिच्या पद्धतीने लिहिले. तिला तारखा लक्षात राहत नसत, सणवार राहत. बेटाचे आणि कंपनीचे नाव मी लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेले नाही आणि मला कोणाची बदनामी करायची नाही. मला उत्तर हवे आहे.

ओटी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. समुद्राची ओटी मात्र समजावून सांगावी लागेल, कारण मला स्वतःला ती समजायला फार उशीर झाला.

तिचे माहेर यावल तालुक्यातले, फैजपूरच्या खालच्या अंगाला, तापीकाठचे. सगळे गाव केळीचे. तिथल्या बायका आषाढातल्या सप्तमीला नदीचा जन्मदिवस करतात. साडी, खण, नारळ, गहू, हळकुंड घेऊन काठावर जातात आणि नदीची ओटी भरतात. लग्न होऊन ती धुळ्यास आली तरी तो एक दिवस माहेरी जाण्याचा तिचा नेम चुकला नाही. मी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात यावल, पिंपळनेर, पुन्हा धुळे अशा बदल्या झाल्या. पिंपळनेरहून तिला एसट्या बदलत, वाटेत बहिणीकडे मुक्काम करत जावे लागे. तरी ती गेली. मी तिच्याबरोबर कधीही गेलो नाही. सप्तमीला न्यायालयास सुट्टी नसते.

पिंपळनेरच्या सरकारी खोलीत ताटात गहू निवडता निवडता तिने मला पहिल्यांदा सांगितले होते.

"नदी आपल्या गावची पोरगी ना? ती समुद्राच्या घरी दिली. दरसाल आपण तिच्या पदरात टाकतो, ती घेऊन जाते. पण तिचं सासर काही कोणी पाह्यलं नाही अजून. एकदा तिथं जाऊन तिची ओटी भरायची मले."

मी त्या वेळी एका दाव्याची कागदपत्रे घरी आणून अनुक्रमांक टाकत होतो. "हं," म्हणालो. त्या वाक्याला मी तेवढेच उत्तर दिले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे ते उत्तर पुरले.

गेल्या दिवाळीनंतर मुलीचा पुण्याहून फोन आला की आम्हा दोघांना घेऊन ती आणि जावई समुद्रातल्या बेटांवर जाणार आहेत. विमान, परवाना, राहणे, आणि एक दिवस फक्त आम्हा चौघांसाठी एक यॉट. मी हरकत घेतली. दोन पानी पत्र लिहून माझी कारणे कळवली. माझ्या वयाचा, तिच्या पित्ताचा आणि परवान्याच्या अटींचा त्यात ऊहापोह होता. मुलगी लहानपणापासून माझ्या पत्रांना पत्रानेच उत्तर देते. या वेळी तिने फोन केला.

"नाना, या वेळी पत्राला उत्तर नाही. तिकिटं काढली."

"इतकी घाई कसली?"

"सीझन संपतो मग."

हे उत्तर मी स्वीकारले. उभे आयुष्य साक्षीदारांचे जबाब नोंदवले जाताना पाहिलेल्या माणसाने हे उत्तर स्वीकारले. घरात तिच्या चोळ्या सैल होत होत्या. ती दोन घास खाऊन ताट बाजूला सारत होती. पित्त आहे असे ती म्हणाली आणि पित्त आहे असे मी पत्रात लिहिले.

निघण्याआधी ती एक दिवस माहेरी जाऊन आली. भावाच्या शेतातले ओंजळभर गहू, हिरवा खण, हळकुंडे, सुपारी, खारका आणि एक नारळ तिने पांढऱ्या पिशवीत बांधून आणला.

जावई म्हणाले, "आई, तिथं नारळच नारळ आहेत. इथून कशाला न्यायचा?"

"सासरच्याच नारळानं सासरी ओटी भरता का तुम्ही?" ती म्हणाली. जावयांनी हात जोडले.

विमानतळावर हातातल्या सामानातून तो नारळ काढायला लावला. मी अधिकाऱ्याकडे नियम दाखवण्याची मागणी केली, त्यांनी दाखवला, मी तो वाचला आणि त्यांचे बरोबर आहे असे तिला सांगितले. तिने नारळ टेबलावर ठेवला, त्याला हात लावून नमस्कार केला आणि पुढे चालू लागली.

त्या बुधवारी सकाळी आम्ही धक्क्यावर पोहोचलो. यॉट पांढरी, लांबट, आमच्या गल्लीतल्या दोन खोल्यांएवढी. चढण्याआधी सर्वांना चपला एका टोपलीत काढून ठेवायला सांगितल्या. तिला ते फार आवडले. "देवळासारखं आहे," म्हणाली आणि डोक्यावरून पदर घेतला. नौकेवर कप्तान होता, आणि पाण्यात उतरून मासे दाखवणारा एक चाळिशीचा वाटाड्या. दोघेही हिंदी बोलत.

कप्तानाने एक कागद पुढे केला. हमीपत्र. इंग्रजीत आणि हिंदीत, अकरा कलमे.

"अंकल, ये तो सिर्फ कागज है. नीचे साइन कर दीजिए, बस."

मी म्हणालो, "कागज है, इसीलिए पढ़ूँगा."

मुलगी म्हणाली, "नाना, सही करून टाका ना. ऊन वाढतंय. सगळे असंच करतात."

"वाचू दे त्यायले," पत्नी म्हणाली. "नाही वाचलं तर दिवसभर जेवण पचत नाही त्यायचं. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत चुका काढल्या होत्या यायनं, मांडवात बसून."

मी वाचले. धक्क्यावर उभा राहून, एकेक कलम मोठ्याने, मराठीत अर्थ सांगत. कलम चार असे होते की नांगर फक्त वाळूवर टाकण्यात येईल, प्रवाळावर नाही. कलम नऊ असे होते की शंखशिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नयेत. आणि कलम सात असे होते की प्रवाशांनी पाण्यात अन्न, फुले, धान्य, पूजासाहित्य अथवा अन्य कोणतीही वस्तू टाकू नये, सोडू नये किंवा अर्पण करू नये.

ते वाचून झाल्यावर मी तिच्या पिशवीकडे पाहिले. तीही पिशवीकडे पाहत होती.

"म्हणजे नाही?" तिने विचारले.

"स्पष्ट लिहिले आहे," मी म्हणालो. आणि चौघांच्या वतीने सही केली.

पुढे अनेकांनी मला सांगितले की तो कागद कोणीच वाचत नाही. न वाचता सही केली असती तर मला कलम सात माहीतच नसते, तिने दुपारी पिशवी सोडली असती आणि आज मी हे लिहीत नसतो. असे सांगणाऱ्यांना मी सज्जन समजतो. पण एका माणसाने आयुष्यभर जे योग्य मानले तेच त्याच्या हातून घडलेली चूक ठरते, असे ते मला सांगत असतात, आणि ते ऐकून मला त्यांच्यासमोर बसवत नाही.

पहिले बेट म्हणजे वाळूचा एक दांडा होता, दोन्ही बाजूंना पाणी, वर काही नाही. ती कडेकडेने चालली. मध्येच वाकून तिने एक शंख उचलला, करंगळीएवढा, आत गुलाबी. माझ्याकडे पाहिले. मी नऊ बोटे दाखवली.

"हे पण नाही? बरं." तिने तो जिथून उचलला होता तिथेच, ज्या कुशीवर पडला होता त्याच कुशीवर ठेवला.

मग आम्ही लगूनमध्ये शिरलो. बाहेर प्रवाळाचा कडा समुद्राला अडवून धरतो आणि आत पाणी तळ्यासारखे शांत राहते, त्याला लगून म्हणतात. त्या रंगाचे वर्णन करण्यास मी असमर्थ आहे. ती म्हणाली, "मोरचूद कालवल्यासारखं दिसतं." आमच्याकडे केळीवर, भाजीपाल्यावर फवारण्यासाठी पिंपात मोरचूद भिजत घालतात, त्याचा जो निळा पहिल्यांदा सुटतो, अगदी तो. तिने त्या पाण्यात हात घातला आणि हाताला रंग लागला नाही याचे तिला नवल वाटले.

जावयांनी चेष्टा केली. "आई, पण समुद्र तर पुरुष आहे. त्याला नारळ देतात, त्याची ओटी कुठं भरतात?"

"मी समुद्राची कुठं म्हणते? म्हणायले म्हणते समुद्राची. त्याच्या घरात आपली पोरगी नांदते, तिची. पोरीच्या घरी जाऊन जावयाची ओटी भरते का कोणी?" आणि जावयांकडे पाहून, "तुमची भरू का?"

मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी बराच वेळ थांबले नाही. तिने गॉगल लावला. वाऱ्याने मीठ डोळ्यांत गेले असावे असे मी समजलो.

दुपारी आम्ही बाहेरच्या कड्याशी, प्रवाळाच्या रांगेवर आलो. वाटाड्याने तळाला काच लावलेली एक बादली आणली. ती पाण्यावर दाबून आत पाहिले की खालचे सगळे दिसते. पत्नी नौकेच्या मागच्या पायरीवर पालथी झोपली, साडी सावरली आणि त्या बादलीत तोंड घालून राहिली. तिथून ती आम्हाला सांगत होती. फुलकोबीचे वाफे आहेत. मोरपिसं उभी केली आहेत. एक मासा निळा, त्याच्यामागे त्याची बायको, पिवळी, ती पुढं जाऊ देत नाही त्याले. तिला मी इतकी बोलताना बऱ्याच महिन्यांत ऐकले नव्हते.

तेवढ्यात कप्तानाने खूण केली आणि वाटाड्याने नांगर सोडला. साखळी खडखडत गेली.

"अहो," ती बादलीतून म्हणाली. "मोडलं. पाहा ना, मोडलं ते."

मी वाकून पाहिले. नांगराचा एक दात प्रवाळाच्या झुडपात रुतला होता. एक फांदी खाली पडली होती आणि चुन्यासारखी भुकटी हळूहळू वर येत होती. मी कप्तानास कलम चार सांगितले.

"अंकल, रोज का काम है," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मला तो असता तर बरे वाटले असते.

मी खिशातली डायरी काढून वेळ लिहिली. मी लिहीत असताना वाटाड्याने ब्रेडचे पाकीट फोडले आणि फोटोसाठी मासे वर यावेत म्हणून तुकडे पाण्यात फेकू लागला. पाणी माशांनी उकळल्यासारखे झाले. ब्रेडचे रिकामे पाकीट वाऱ्याने उडून गेले, ते कोणी उचलले नाही. मी तेही लिहिले.

ती पायरीवर उठून बसली होती. पिशवी मांडीवर. गाठ सोडलेली.

"आता टाकू का?" तिने विचारले. "हे लोक तर टाकताच आहेत. मी चिमूटभर टाकते. खण नाही टाकत. फक्त गहू."

कप्तानाने तिला हिंदीत विचारले, तिने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. तो हसला. "डाल दो आंटी. कौन देख रहा है?"

मला राग आला. हा राग मी आजही मागे घेत नाही. माझा आक्षेप परवानगी नाकारल्याचा नाही, परवानगी दिल्याचा आहे. ज्याने सकाळी कागद पुढे केला त्यानेच दुपारी म्हणावे की कोण पाहते आहे. तो नियम पाळायचा नव्हता तर लिहिला कशाला, आणि लिहिला होता तर माझ्या पत्नीने तो त्याच्या हसण्यावर का मोडावा? मी उभा राहिलो आणि मोठ्याने, इंजिनाच्या आवाजावरून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "नाही. मी सही केली आहे. दुसरे मोडतात म्हणून आपण मोडायचे नाही."

मुलगी माझ्या जवळ आली. माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "नाना, आज नका ना. फक्त आज."

"नियमाला आज आणि उद्या नसतो," मी म्हणालो.

'फक्त आज' असे ती का म्हणते आहे, ही चौकशी मी केली नाही.

पत्नीने पिशवीची गाठ पुन्हा मारली. "राहू दे ग," ती मुलीला म्हणाली. "सही झाली ना."

काय झाले ते कप्तानाला कळले असावे. वातावरण हलके करायला तो म्हणाला, "आंटी, आपके घर में तो पूरा कोर्ट है."

"हो ना," ती म्हणाली. "आन् वर अपील पण नाही."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या जबाबात हे राहून जाऊ नये म्हणून लिहितो.

परतताना ती मागच्या पायरीवर बसून राहिली. पाय पाण्यात सोडले होते. जावई तिचा दंड धरून बसले होते. तिचे ओठ हलत होते, पाण्याकडे पाहून ती काहीतरी बोलत होती, थांबत होती आणि परत बोलत होती, जशी एखादी बाई दाराच्या आत न जाता उंबऱ्याबाहेरूनच निरोप देते. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आले नाही. जावयांना ऐकू आले असेल. मी त्यांना अजून विचारलेले नाही.

धुळ्यास परत आल्यावर तिने खण मोलकरणीला दिला आणि ते ओंजळभर गहू घरातल्या गव्हाच्या डब्यात ओतले. ते दळणात गेले. त्याच्या पोळ्या मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या असेही मी म्हणालो असेन. तिच्या पोळ्यांना मी बहुधा तसे म्हणत असे.

संक्रांत झाली आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली, उठली नाही. दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याशी ज्या सुरात बोलायला सुरुवात केली त्यावरून मला सर्व ठाऊक आहे असे त्यांनी गृहीत धरले होते. मुलगी तातडीने आली. व्हरांड्यातल्या बाकावर तिने मला सांगितले. पोटात गाठ होती. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी कळले होते. काही करण्यासारखे उरलेले नव्हते.

"मला का नाही सांगितले?"

"आईने शपथ घातली होती, नाना."

"काय म्हणाली ती? तिचे शब्द सांग."

मुलगी सांगेना. मी हट्ट धरला. मग तिने आईच्याच आवाजात सांगितले. "त्यायले सांगू नका. ते डॉक्टरले नोटिसा पाठवत बसतील, आन् माह्ये राह्यलेले दिवस पोष्टात जातील."

मी बाकावरून उठलो आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. खोटे काही नव्हते त्यात. मी पाठवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर होती, बोलत होती. खोलीत आम्ही दोघेच होतो. मी तिला विचारले, "बोटीवर तरी सांगायचे होतेस. मी टाकू दिले असते."

तिने माझ्याकडे पाहिले. ओठ कोरडे होते, मी चमच्याने पाणी दिले. मग म्हणाली, "मंग तुम्ही आजाराले परवानगी दिली असती. मले नाही."

ती चिडलेली नव्हती. थोड्या वेळाने तिने मला उशी सरळ करायला सांगितली, आणि मी ती करत असताना माझ्या मनगटावर हात ठेवला. "मनाले लावून घेऊ नका," म्हणाली. "तुम्ही तुमच्यासारखेच वागले. मी कुठं दुसऱ्याशी लग्न केलं होतं?"

त्यानंतर ती घरी आली. महाशिवरात्रीपर्यंत बरीच माणसे येऊन गेली. चौथ्या दिवशी ती गेली.

रक्षा तिच्या माहेरच्या घाटावर तापीत सोडली. तिचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी उभे होते. मला धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "भाऊसाहेब, आता तिची ती जाईल समुद्रापर्यंत. तिले आता कोणाची सही लागत नाही."

माणूस प्रेमाने बोलला. पण मी त्या पाण्यात उभा राहून विचार करत होतो की इथून खाली नदीवर किती ठिकाणी बंधारे आहेत. पुढे गुजरातेत उकाईचे मोठे धरण आहे. त्या दिवसांत दारे बंद असतात. पाणी चालतच नव्हते, आमच्या पायांशी रक्षा बराच वेळ तशीच तरंगत होती. आबांनी हाताने पाणी ढकलून ती पुढे लोटली. मी आबांना काही म्हणालो नाही. आयुष्यात प्रथमच मी एका चुकीच्या विधानाची दुरुस्ती केली नाही.

तेरावा झाला आणि मी पत्रे लिहावयास बसलो. मुलगी म्हणाली, "नाना, आता कशाला? आई परत येणार आहे का?" मी तिला सांगितले की पत्रे त्यासाठी नाहीत.

कंपनीला पहिले पत्र लिहिले. त्यात नांगर, ब्रेड, पाकीट, वेळा, सर्व लिहिले आणि एकच प्रश्न विचारला. उत्तर आले की आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, पुढील सहलीत आपल्याला सवलत देण्यात येईल. दुसऱ्या पत्रात मी कळवले की पुढील सहल नाही, प्रश्नाचे उत्तर द्यावे. त्यास उत्तर आले नाही. तिसरे पत्र पोच देय रजिस्टरने पाठवले. पोच आली, उत्तर नाही. त्या बेटांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयास लिहिले. त्यांनी माझे पत्र दुसऱ्या कार्यालयाकडे उचित कार्यवाहीसाठी वर्ग केले आणि तसे मला कळवले. दुसऱ्या कार्यालयाने ते पुन्हा पहिल्याकडे वर्ग केले. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कलम सात कोणी तयार केले आणि त्या कलमाखाली आजवर कोणावर कारवाई झाली, एवढेच विचारले. उत्तर मिळाले की सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.

ही सर्व कार्यालये मला परिचित आहेत. म्हणजे ही नाही, पण अशी. मी अशाच एका कार्यालयात बसून लोकांचे अर्ज वर्ग केलेले आहेत. तेव्हा मला वाटत असे की कागद पुढे गेला म्हणजे काम झाले.

जावई एकदा धुळ्यास आले असता म्हणाले, "नाना, तुम्हाला नक्की काय हवं आहे? ते चुकले असं त्यांनी म्हणावं?" मी म्हणालो नाही. मग त्यांनी जरा थांबून विचारले, "की तुम्ही चुकला नाहीत असं?" मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्यांचा प्रश्न बरोबर होता, म्हणून त्याचे उत्तर इथे लिहितो.

कलम सात त्या बुधवारी खरोखर अमलात असेल, तर मी माझ्या पत्नीला तिच्या हयातीत अखेरची जी गोष्ट नाकारली ती त्या पाण्याच्या आणि त्या प्रवाळाच्या भल्यासाठी नाकारली. मग ते मला सोसावे लागेल, आणि सोसता येईल असे मला वाटते. तिलाही ते पटले असते. तिनेच ती मोडलेली फांदी आधी पाहिली होती. पण मग ज्यांनी तिच्या डोळ्यांसमोर नांगर टाकला आणि पाकीट उडू दिले त्यांच्यावर काय कारवाई झाली हे मला समजले पाहिजे.

आणि ते कलम अमलात नसेल, फक्त कागदावर छान दिसावे म्हणून कोणीतरी कोठून तरी उतरवून घेतले असेल, तर मी एका मरणाऱ्या बाईला, जी माझी बायको होती, काहीही नसलेल्या गोष्टीसाठी अडवले. हेही मला समजले पाहिजे. या दोहोंतले कोणते खरे, हे न कळता मला रोज सकाळी उठावे लागते.

सबब, माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. ते हमीपत्र ज्या व्यक्तीने तयार केले त्या व्यक्तीने, आणि ज्या कंपनीने ते माझ्यापुढे केले त्या कंपनीने, स्वतःच्या नावाने पुढे यावे आणि मराठी वृत्तपत्रात, वाचकांना दिसेल अशा ठिकाणी, उत्तर द्यावे: कलम सात त्या दिवशी अमलात होते की नव्हते? होय किंवा नाही, एवढे पुरेल. आभार, दिलगिरी, सवलत यांची आवश्यकता नाही. उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावर खाजगी पत्राने पाठवू नये. तसे आल्यास मी ते न फोडता परत करीन. मी तिला सर्वांसमोर उभे राहून, मोठ्या आवाजात अडवले होते. उत्तरही सर्वांसमोर आले पाहिजे.